दोन हाका

आमच्या येळ्ळूरच्या गडावर सगळं जग जातं. रविवारी सकाळी पायथ्याला गाडी लावायला जागा मिळत नाही, वर भाजलेली कणसं मिळतात, आणि फोटो काढणाऱ्यांच्या मधून अंग चोरत बुरुजापर्यंत पोचावं लागतं. अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला, विचारलं, "जाऊया का गडावर?" तर म्हणायचा, "त्यो काय, माझ्या खिडकीतनं बी दिसतोय."

आम्हाला लागायचे ते खानापूरच्या रानातले बिननावाचे डोंगर. नकाशावर त्यांच्या माथ्यावर नुसता उंचीचा आकडा असतो. पूर्वी लाकडाचे ट्रक जावेत म्हणून जंगलखात्यानं केलेले तांबडे रस्ते आहेत, त्यांवरून स्कूटर जाईल तिथवर न्यायची, मग चालायचं. वर काय आहे, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नसतं. थोडा कातळ असतो, सर्व्हेवाल्यांनी रचलेला दगडांचा ढीग असतो, वारा असतो. माझ्या लॅबमधल्या बायका म्हणायच्या, "काहीच नाही तर जाता कशाला?" त्यांना काय सांगणार? भाऊ-बहीण पन्नाशी उलटल्यावर एकमेकांशी दिवसभर गप्पा मारतील अशी दुसरी जागा मला तरी माहीत नाही. घरी तो वैनीचा असतो, मुलांचा असतो, भाऊबंदांचा असतो. डोंगरावर तो माझा असायचा.

ही सवय आम्हाला आत्यानं लावली. तिला गुंजीत दिली होती. मे महिन्याच्या सुट्टीत आई आम्हा दोघांना रेल्वेत बसवून द्यायची आणि आत्या स्टेशनावर उभी असायची. येळ्ळूरची आम्ही मुलं म्हणजे उघड्या शिवारातली. नजर टाकली की गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत दिसायचं. गुंजीला मात्र घराच्या मागच्या दारातूनच रान सुरू व्हायचं. आत्या करवंदांना पाठवताना अण्णाला पुढ्यात उभं करून सांगायची, "रानात एकमेकाचं नाव घेऊन हाक मारायची न्हाय. रान नाव ध्येनात ठेवतंय. आणि कुणी हाक मारली तर पयल्या हाकेला ओ द्यायची न्हाय, दुसऱ्या हाकेला बी न्हाय. चकव्याला तीन हाका मारता येत न्हाईत. तिसरी आली तर समजायचं, माणूस हाय. धाकटीला घेऊन जातोयस, इसरू नको."

चकवा म्हणजे माणसाला त्याच त्या वाटेवर गरगर फिरवणारं रानातलं काहीतरी. तो ओळखीच्या आवाजात हाक मारतो, आपण ओ दिली की गेलोच. चुकून सापडलोच तर खाली बसायचं आणि पायातल्या वहाणा डाव्याच्या उजव्या करून घालायच्या, म्हणजे वाट सुलटी होते, असाही उपाय आत्यानं सांगून ठेवला होता.

हसू नका. मी दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून लोकांचं रक्त तपासते. अण्णानं बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत जन्म काढला, वितळलेल्या लोखंडाशी गाठ असलेला माणूस. शहरात आम्ही दोघं कुणाच्या बापाला भीत नाही. पण रानाची सावली अंगावर पडली की आम्ही आत्याची भाचरंच. मागे राहिलेल्यानं तीनदा हाक मारायची, पुढच्यानं तिसरीनंतर ओ द्यायची. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली तरी यात कधी चूक झाली नाही. आता वाटतं, एखादी झाली असती तर बरं झालं असतं.

ज्या डोंगरावर ते घडलं त्याला आत्याच्या गावचे लोक वरचा टेंब म्हणतात. पाऊस सरत आला होता, दसरा जवळ होता. आम्ही माथ्यावरून उतरत होतो आणि दाट धुकं आलं होतं. माथ्याखाली थोडं उतरलं की दोन वाटा फुटतात. तिथं वाटेवरच्या देवाचा एक दगड आहे. येणारा-जाणारा त्याला हिरव्या पाल्याची एक डहाळी वाहतो. अण्णा डहाळी शोधायला थांबला. मी म्हटलं, मी होते पुढं. शंभरेक पावलांवर ओल्या कातळावरून पाय सटकला आणि मी बाजूच्या घळीत गेले.

पाय अंगाखाली असा वळला होता की तो माझा वाटत नव्हता. दुखणं नंतर सुरू झालं. मी हाक मारली, "अण्णाऽऽ!" धुक्यात आवाज विचित्र होतो, जवळचा लांब वाटतो. मी थांबले, पुन्हा मारली. पुन्हा थांबले.

तिसरी मारली नाही.

दम नव्हता, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. छातीला मार लागला होता हे खरंच आहे. पण हाकेपुरता दम होता. तिसरी हाक म्हणजे शेवटची, तिला ओ आलीच पाहिजे. तिलाही आली नाही तर? तर मग अण्णा तिथं नाही, कुणीच नाही, असा त्याचा अर्थ झाला असता. म्हणून ती हाक मी तोंडातच धरून ठेवली. ती होती तोवर अण्णाही होता. वेडेपणा आहे, पण मोडक्या पायानं घळीत पडून पाहा, मग शहाणपण शिकवा.

किती वेळ गेला कळलं नाही. धुकं विरळ झालं आणि वरून दगड घरंगळल्याचा आवाज आला. अण्णा बुडावर घसरत खाली आला, माझ्याजवळ गुडघ्यावर बसला आणि "आगं काय झालं, आगं काय झालं" एवढंच म्हणत राहिला. मी आडवी होते, माझ्या डोळ्यांसमोर त्याचे बूट होते. डावा बूट उजव्या पायात होता आणि उजवा डाव्यात. नाड्या नीट बांधलेल्या.

मला तिथंच सगळं कळलं.

पुढचं त्यानंच केलं. पाठीवर घेऊन मला रस्त्यापर्यंत आणलं, बांबू भरलेला ट्रॅक्टर थांबवला, खानापूरला आणि तिथून बेळगावला नेलं. हे सगळं त्यानं उलट्या बुटांत केलं. दवाखान्यात वैनीच्या ध्यानात आलं, तेव्हा त्यानं ते काढले. पायांना फोड आले होते.

माझ्या पायात सळई घातली. बघायला येणारे खाटेभोवती बसायचे आणि तोच प्रश्न विचारायचे, एवढ्या जवळ असून भावाला ऐकू कसं आलं नाही? वैनी बिचारी सावरून घ्यायची, "फाउंड्रीत कान गेलेत ओ त्यांचे. घरात कुकरची शिट्टी बी ऐकू येत न्हाय." लोक माना डोलवायचे. मीही डोलवत होते. बूट मी पाहिले होते, पण वैनीनं वर अंथरलेल्या त्या खोट्यावर मला सुखानं झोपता येत होतं.

एके दिवशी अण्णा उठून खिडकीशी गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "कान गेल्यात खरं, पण ऐकलं मी. दोन हाका ऐकल्या. तिसरीची वाट बगत हुबा ऱ्हायलो."

कुणीतरी विषय बदलला. मी म्हणाले, "असू दे अण्णा, आत्यानंच शिकवलं होतं."

असू दे म्हटलं, पण असू दिलं नाही. घरी पडून पडून माझा राग वाढत गेला. हा माणूस लोखंडाचा रस ओतायचा. मी शंभर पावलांवर पडले होते. माझा आवाज तो जन्मल्यापासून ऐकतोय, म्हणजे मी जन्मल्यापासून. आणि हा दगडापाशी बसून बूट बदलत होता! रात्रंदिवस हेच डोक्यात. देव त्याला खरं बोलायची बुद्धी का देतो, याचाही राग आला. तो खोटं बोलला असता तर मी त्याला माफ केलं असतं, असं काहीतरी वाकडं गणित माझ्या मनात होतं.

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. बोलणं राहिलं ते सळईचं, गोळ्यांचं, पोरांच्या परीक्षांचं. नवा तांदूळ निघाल्यावर दरवर्षी तो पिशवी घेऊन यायचा, चहा पिऊन, माझ्याशी राजकारणावर वाद घालून जायचा. त्या वर्षी पिशवी फाटकाला अडकवून गेला. मी खिडकीतून पाहिलं. तो फाटकाशी थोडा वेळ उभा होता. मी हाक मारली नाही.

पुढचा पावसाळा सरत आला तेव्हा वैनीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून ती रडायलाच लागली. म्हणाली, "तुमचं अण्णा भायेर पडत न्हाईत. आणि हाक मारायची तर मला भ्या वाटाय लागलंय. परवा न्हाणीतनं एक हाक मारली, टॉवेल द्या म्हणून, तर ताटावरनं उटून पळत आले आणि उंबऱ्याला अडकून पडले. पोरानं बोलवू दे, शेजाऱ्यानं बोलवू दे, अर्ध्या हाकेला ओ देत्यात. झोपेत बी देत्यात. तुमी एकदा त्यास्नी घेऊन जावा की कुटंतरी."

मला कीव यायला हवी होती. खरं सांगते, राग आला. आता ओ देतोय! सगळ्या जगाला देतोय! फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटली. मग शांत झाल्यावर दुसरा विचार आला. असाच तो झिजत जाईल, मी अशीच घुमी बसेन, आणि एक दिवस वैनीचा फोन वेगळ्याच कारणासाठी येईल. मला माझा अण्णा परत हवा होता. राग असो नसो.

मी त्याला फोन केला. म्हटलं, "रविवारी वरच्या टेंबावर जायचं."

"तुझा पाय?"

"पाय माझा मी बघते. तू येणार का नाही?"

आधी डोंगरात पाऊस किती झालाय ते सांगत बसला. मग म्हणाला, "येतो."

जंगलाच्या फाटकावर गार्ड होता, आमच्या ओळखीचा. त्याच्याशी कन्नडमध्ये चेष्टामस्करी करणं हे अण्णाचं खातं. गार्ड म्हणायचा, तुम्ही येळ्ळूरचे कडवे मराठी असून कन्नड माझ्यापेक्षा चांगलं बोलता, आणि अण्णा त्यावर काहीतरी तिखट सोडायचा, दोघं खदखदून हसायचे. त्या दिवशी अण्णा हँडलकडे बघत बसला. गार्डनं माझं लंगडणं पाहिलं आणि काय झालं विचारलं. मी म्हणाले, "बिद्देन री." पडले हो. गार्डनं अण्णाकडे पाहिलं आणि फाटक उघडलं.

चढताना आम्ही फारसं बोललो नाही. मी काठी टेकत पुढे, तो मागे. पूर्वी तो सतत बडबडायचा, हे झाड कसलं, ती विष्ठा अस्वलाची की गव्याची. आता मागून फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. देवाच्या दगडापाशी आलो. त्यानं डहाळी तोडली, वाहिली, आणि तिथंच बसला. 

"तू जाऊन ये," म्हणाला. "मी हितंच बसतो."

"माथा जवळ आहे, चल की."

"न्हाय गं. मला हितनं फुडं येववत न्हाय."

हे ऐकून माझा राग पुन्हा उसळला. म्हटलं, बस तर बस. माझा मोडका पाय चढतो आणि हा धडधाकट माणूस बसतो. मी तडातडा, म्हणजे माझ्या पायाला जमेल तितकं तडातडा, वर गेले.

माथ्यावर नेहमीचंच होतं, कातळ, दगडांचा ढीग. मी ढिगावर एक दगड ठेवला. खालच्या दरीतून धुकं वर येताना दिसलं आणि बघता बघता माझ्याभोवती काहीच उरलं नाही. मी परतीची वाट धरली, चार पावलं टाकली, आणि खालून हाक आली.

"ओऽऽ धाकटेऽऽ!"

अण्णाचा आवाज. दुसऱ्या कुणाचा असणार? त्या डोंगरावर आम्ही दोघंच होतो. मला धाकटी म्हणणारा जगात तो एकटाच उरला आहे.

माझं तोंड उघडलं नाही.

हे मी ठरवलं नव्हतं. रागानंही नव्हे, तेवढा वेळच मिळाला नाही. दात आपोआप दातांवर बसले आणि मी श्वास रोखून उभी राहिले, करवंदांची टोपली हातात असलेली पोर उभी राहायची तशी. सुईचं भय नाही, रक्ताचं नाही, आणि भावाच्या हाकेला मी धुक्यात गोठून उभी होते.

दुसरी हाक आली. ती पहिलीपेक्षा बारीक होती.

मग काही नाही. मी वाट बघत होते. त्या वाट बघण्यात काय असतं ते तेव्हा मला कळलं. घळीत पडून कळलं नव्हतं. प्रत्येक क्षणी वाटतं आता येईल, आणि येत नाही, आणि न येण्यानंच खात्री होत जाते की मघाचा आवाज त्याचा नव्हताच. आपलं माणूस सुखरूप असेल, चकवाच असेल, असं मन म्हणायला लागतं. किती सोयीचं होतं ते!

"ओऽऽ!" मी ओरडले. "आले रं अण्णा! आले!"

खालून उत्तर आलं नाही. मी काठीनं वाट चाचपत, अर्धी घसरत खाली उतरले. पुन्हा पडले असते तर वैनीनं दोघांनाही घरात घेतलं नसतं. दगडाजवळ पोचले तर अण्णा जमिनीवर बसलेला. एक बूट पायात, दुसरा काढून हातात घेतलेला. मला बघून त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"दुसऱ्याच हाकेला ओ दिलीस?" तो ओरडला. "आत्यानं काय सांगितलं हुतं? अक्कल हाय का न्हाय तुला? डोंगरात डोळं झाकून ओ देतीस? म्हातारी झालीस तरी समज आली न्हाय!"

वर्षभरात तो मला पहिल्यांदा रागवत होता.  मी त्याच्या शेजारी बसले.

"तू तिसरी का मारली नाहीस?"

तो हातातल्या बुटाकडे बघत राहिला.

"भ्या वाटलं," शेवटी म्हणाला. "तिसरी मारली आणि तरी बी तू बोलली न्हाईस, तर मग मागनं काय ऱ्हातंय? म्हटलं, ऱ्हाऊ दे एक."

मी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मी पण म्हणूनच मारली नव्हती."

"तुझ्या छातीत दम नव्हता."

"दम होता अण्णा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आता तो माझ्यावर खवळेल असं वाटलं, आणि खवळला असता तर त्याचं बरोबरच होतं. एक वर्ष त्यानं घरात काढलं होतं, अर्ध्या हाकेला ओ देत. पण त्यानं नुसतं तोंडावरून हात फिरवला. डोळे पुसले, नाक पुसलं, सगळं एकाच हातानं, लहान असताना पुसायचा तसं.

"म्हंजे आत्याला कुणी इचारलंच न्हाय म्हणायचं," तो म्हणाला. "माणूस भ्यालं तर किती हाका मारतंय ते."

मी त्याच्या हातातला बूट घेतला. डावा होता. त्याच्या डाव्या पायात चढवला आणि नाडी बांधली. त्यानं बांधू दिली.

माझा राग सगळा गेला असं मी म्हणणार नाही. थंडीत सळई दुखायला लागली की तो अजून वर येतो. मग मी अण्णाला फोन करून काहीतरी खुसपट काढते, आणि तोही आता ऐकून घेत नाही, उलटं बोलतो.

त्या दिवशी उतरताना धुकं तसंच होतं. त्यानं मला पुढे घातलं आणि स्वतः मागे राहिला. थोड्या थोड्या अंतरानं विचारायचा, "धाकटे, हायस का गं?" आणि मी म्हणायचे, "ओ." आधी जरा थांबून, मग लगेच. गाडीरस्ता लागेपर्यंत तो विचारतच होता. एकदाही त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.